स्पर्शाविना तांब्याची पारख

हुबळीच्या गोकुळ रोडवरील एखाद्या कारखान्यात तांब्याच्या पट्ट्या येऊन पडल्या, असे समजू. माल चोख दिसतो, झळाळीही आहे. परंतु तांब्यात अवघे ०.०२ टक्के स्फुरद उरले असले, तरी त्याची विद्युद्वाहकता दहा-पंधरा टक्क्यांनी खालावते. डोळ्यांना याचा पत्ता लागत नाही. पुढे तीच पट्टी भार पडताच प्रमाणाबाहेर तापते.

तारा न जोडता ही वाहकता मोजता येते. लहानसे वेटोळे असलेली कांडी पट्टीवर टेकवावयाची. वेटोळ्यात उलटसुलट वाहणारा प्रवाह असतो. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात व ते वेटोळ्यावर उलट परिणाम करतात. त्यावरून काटा वाहकता दाखवितो. १८७९ साली ह्यूज यांनी याच तत्त्वावर निरनिराळे धातू ओळखून दाखविले होते. १९१३ साली ठरलेल्या मापानुसार २० अंश सेल्सिअसच्या मऊ तांब्याची वाहकता १०० टक्के धरतात.

मात्र काटा दाखवील ते सारे खरे मानू नये. कांडी व धातू यांच्यात रंगाचा पातळ थर असला, तरी आकडा चुकतो. पेढे पुडक्यासकट तोलावेत, तसा हा प्रकार! प्रवाहाच्या बळाबरोबर त्याची कलाही पाहणारी उपकरणे ही चूक बरीचशी वजा करतात. पट्टीच्या कडेशी कांडी नेऊ नये. वक्र पृष्ठभागावर तर फारच जपावे. दर सेकंदाला ६०,००० आवर्तने असतील, तर तांब्यात प्रवाह मुख्यतः पाव मिलिमीटरच्या थरात खेळतो. तेव्हा पट्टी निदान पाऊण मिलिमीटर जाड हवी.

खरी फसगत होते ती उष्णतेने. तांबे दहा अंशांनी तापले की त्याची वाहकता सुमारे चार टक्क्यांनी घटते. प्रमाण-तुकडा कपाटातल्या गारव्यातला आणि माल एप्रिलच्या उन्हात उतरविलेला, अशा वेळी चांगला माल विनाकारण नाकारला जाईल व पुरवठादारावर निष्कारण बालंट येईल. म्हणून कांडी, प्रमाण-तुकडे व माल ही तिन्ही काही तास एकाच खोलीत ठेवावीत आणि मगच मापन करावे. प्रमाण-तुकडेही दोन घ्यावेत, एक अपेक्षित आकड्याच्या खालचा व एक वरचा. ॲल्युमिनियमच्या एकाच तुकड्यावर जुळविलेल्या उपकरणाने तांबे तपासणे ही निव्वळ आळसाची रीत होय.

लोखंडाला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. त्याचे चुंबकत्व काट्याला भलतीकडेच ओढते. तेथे तारा जोडण्याची जुनी पद्धतच बरी.