हँडल हाताशी आणताना



नांगराचे रुमणे घडविताना गावचा सुतार धन्याची उंची पाहत असे. रुमणे बुटके झाले, तर नांगरणाऱ्याची कंबर संध्याकाळी धरलीच म्हणून समजा! मोटारसायकलीचे तसे नाही. ती कारखान्यातून एकाच मापाची येते. मग बसणारा पाच फुटी असो की सहा फुटी.

मंचरहून घोडेगाव, डिंभे करीत भीमाशंकरला जाणारा रस्ता साठएक किलोमीटरांचा आहे. डिंभ्यापर्यंत फारसे काही जाणवत नाही. पुढे घाट लागतो, आणि हँडल लांब पडणाऱ्या माणसाचे हाल सुरू होतात. तो ओणवा होतो, अंगाचा भार तळहातांवर येतो, मनगटे मुडपतात. मनगटातल्या नसा दाबल्या जाऊन बोटांना मुंग्या येतात. आणि क्लच-ब्रेक दाबायची ती हीच बोटे! लांबच्या शाळेवर रोज गाडीने जाणाऱ्या शिक्षकबंधूंना हे मी वेगळे सांगायला नको.

यावर उपाय म्हणून मीही एकदा उंच हँडल बसवून घेतले. गाडी दिसायला झोकदार झाली. घाटातल्या एका चढाच्या वळणावर हँडल पुरते वळवले मात्र, इंजिन आपोआप गुरगुरू लागले! मी मूठ पिळलीच नव्हती. झाले होते असे, की हँडल चार बोटे वर गेले, पण ॲक्सिलरेटरची तार जुन्याच लांबीची राहिली. वळताना ती ताणली गेली आणि तिनेच इंजिनाला वेग दिला. क्लच दाबला म्हणून कठड्याच्या अलीकडे थांबलो. बसविणाऱ्या मेस्त्रीने ती तपासली नाही, हे खरे. पण मी तरी कुठे विचारले होते?

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की नवे हँडल विकत घेण्याआधी जुनेच जरा फिरवून पाहावे. पकडीचे बोल्ट सैल करून ते किंचित आपल्याकडे झुकवावे. मग क्लच आणि ब्रेकचे दांडे असे बसवावेत, की गाडीवर बसून बोटे सरळ केली म्हणजे ती कोपरापासूनच्या रेषेत दांड्यांवर पडतील. कोपर थोडे वाकलेले असावे. पुष्कळांचे दुखणे एवढ्यानेच जाते, आणि खर्च पाना फिरविण्याचा.

तेवढ्याने न भागल्यास पकडीखाली वीस-पंचवीस मिलिमीटर उंचीचे ठोकळे मिळतात. नवे हँडलच घ्यायचे, तर जाडी मोजून घ्या. मुठीपाशी बहुतेक हँडले २२ मिलिमीटरची असतात, पण मध्यभागी पकडीत बसणारा भाग काहींचा २२, तर काहींचा २८ मिलिमीटर असतो. आणि फार उंचही नको. माणूस ताठ बसला, की खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट माकडहाडाला, आणि वारा छातीवर. हँडलच्या आकारात मोठा फेरफार करावयाचा असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफारांवर बंधने घालते.

काम झाले, की मेस्त्रीच्या दारातच गाडी स्टँडवर उभी करा. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पुरते वळवा, मग उजवीकडे. आवाज तसूभरही चढता कामा नये. मूठ पिळून सोडली, की ती आपणहून झटकन मागे यावी. क्लचची तार, दिव्यांच्या तारा, ब्रेकची नळी यांपैकी काहीही ताणलेले नको. अंगठा टाकी आणि हँडल यांच्यात चेंगरत नाही ना, तेही पाहा. काही नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला ओढायची तार नसून विजेच्या तारा असतात. त्यांनाही ढील हवीच. ब्रेकची नळी लांब घातली, तर तेलातली हवा पूर्ण काढून घ्या. नाही तर दांडा मऊ लागतो आणि गाडी वेळेवर थांबत नाही.

बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने आणि जोराने आवळावेत. शेपन्नास किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा एकदा पाहावेत. घाट चढायचा असेल, तर डिंभ्याला चहासाठी थांबता तेव्हा पाहिलेत तरी चालेल. पाना मात्र जवळ ठेवा.