भेंडीची चांदणी, मुठीचं पाऊल

आम्ही मुंबईत मालाड पश्चिमेला राहतो. आमच्यातल्या बऱ्याच जणी गावाकडून लग्न होऊन इथं आल्या. कुणी संगमेश्वरची, कुणी पाटणची, कुणी जालन्याकडची. वस्तीत आम्ही एक बालवाडी चालवतो. तीन ते सहा वर्षांची पोरं, एक खोली, एक मोरी आणि दारापुढची थोडी जागा, एवढाच संसार. नाताळच्या निमित्तानं लहान मुलांकडून एक सोपं चित्र कसं करून घ्यायचं, ते आज सांगायचं आहे. पण आधी आमची एक चूक सांगू द्या. ती झाली नसती तर ही कृती आम्हाला सुचलीच नसती.

पहिल्या वर्षी आम्ही भेटकार्डं करायचं ठरवलं. हिरव्या कागदाची झाडं आम्हीच कापली. बर्फ म्हणून कापूस आम्हीच चिकटवला. मुलांनी करायचं काय, तर झाडावर टिकल्या लावायच्या. त्यांनी लावल्या. कुणी चार लावल्या, कुणी सगळं पाकीट एकाच जागी. मुलं घरी गेल्यावर आम्ही दोघी-तिघी बसलो आणि टिकल्या उचकटून पुन्हा नीट रांगेत लावल्या. आया बघणार, चांगलं दिसायला हवं ना! दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं दोरीवर टांगली. एकासारखं एक, अगदी दुकानातल्यासारखं. आम्ही खूश.

संध्याकाळी एक आई आली. चार घरची धुणीभांडी करून परस्पर मुलीला न्यायला आली होती. दोरीकडे बघत म्हणाली, "यातलं माझ्या पोरीचं कुठलं हो, ताई?"

आम्हाला सांगता येईना. मागं नावं लिहायचंही सुचलं नव्हतं. एकीनं हाताला आलं ते काढून दिलं. तर ती चार वर्षांची पोर म्हणते, "हे माझं नाही. माझ्या टिकल्या खाली होत्या." आणि तिचं खरं होतं. झाडाच्या बुंध्याशी ढीग लावला होता तो तिनंच, आणि तो आम्हीच काढून टाकला होता. आईनं मुकाट्यानं कार्ड पिशवीत घातलं. मुलीनं ते हातातही घेतलं नाही.

त्या रात्री आम्ही फार काही बोललो नाही. पण पुढच्या नाताळला ठरवलं, हात मुलाचा लागेल, आपण फक्त वाटी धरायची.

आता कुणी विचारेल, नाताळच कशाला? आमच्यातही एकीनं विचारलंच होतं, "आपला सण आहे का तो?" तिला आमचा मालाड दाखवायला लागला नाही, ती रोज बघतेच. ओर्लेमचं चर्च, खारोडीचं जुनं गावठाण, पुढं मार्वे, मढ. डिसेंबर लागला की दारोदार चांदण्यांचे कंदील लागतात. आपला आकाशकंदील उतरतो आणि थोड्या दिवसांनी त्यांचा चढतो. इथले जुने ख्रिस्ती लोक म्हणजे ईस्ट इंडियन. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली त्यांनी हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, पण जुन्या घरांतून भाषा मराठीच. म्हाताऱ्या बायका लुगडं नेसायच्या, आणि वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दडपून भरतात, म्हणून त्याचं नाव बाटली मसाला. खारोडीच्या एक मावशी आमच्याकडे येतात. नाताळच्या पंधरा दिवस आधी त्या ताटलीत नाचणी पेरतात. येशूबाळाच्या गोठ्याचा देखावा मांडायचा, त्यात हिरवं गवत म्हणून ते कोंब. हे ऐकल्यावर आमची पाटणवाली लगेच म्हणाली, "म्हणजे आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव टाकतो तसंच की!" त्यावर "आपला सण आहे का" हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

हा गोठ्याचा देखावाही जुना आहे. इटलीत ग्रेचो नावाच्या खेड्यात संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरा बैल आणि गाढव उभं करून तो मांडला. गावातल्या साध्या माणसांना तो जन्म डोळ्यांनी दिसावा म्हणून. आमच्या शहरातल्या पोरांनी गोठा पाहिलेला नसतो. तुमच्या पोरांना तो सांगावा लागणार नाही, हा तुमचा फायदा.

आता सामान. बाजारातून फारसं काही आणायचं नाही. हा धडा आम्हाला आधीच कुणी तरी घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं अनुताई वाघ यांच्यासोबत ते डहाणू तालुक्यात कोसबाडला नेलं. महागडी खेळणी परवडणार नाहीत म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती यांतून शिकवलं. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो तो शब्दही त्यांचाच. तेव्हा तुमच्या गावातल्या अंगणवाडीत रंगाची पेटी नाही म्हणून अडून बसू नका.

कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू, कॅलेंडरची पाठ, वाण्याकडचा खाकी कागद, काहीही चालतं. आम्ही खाकी कागदावर गेरूचा पातळ हात फिरवतो आणि वाळवून ठेवतो. त्या तांबड्यावर पांढरं फार उठून दिसतं. पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ. दोन चमचे पिठात बेतानं पाणी आणि भिजवलेला थोडा डिंक. वारली बायका लग्नाचा चौक असाच तर लिहितात. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण पीठ लागतं ते तेच, आपल्या डब्यातलं. हा रंग त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबतो.

बाकीच्या रंगांसाठी मैद्याची खळ करा. एक पेला पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, दाट झाली की उतरवायची. पूर्ण गार झाल्यावर वाट्यांत वाटून घ्या. एका वाटीत हळद. दुसऱ्या वाटीतही हळदच, पण तीत चिमूटभर खायचा सोडा घाला आणि हे मुलांसमोर करा. पिवळी हळद बघता बघता लालसर होते. पोरं ओरडतात! मग लिंबू पिळायचं, ती परत पिवळी. आमचा अर्धा तास इथंच जातो, आणि जाऊ द्यावा. हिरव्यासाठी पालक वाटून त्याचा रस घातला तर चालतो, पण दोन दिवसांत तो मळकट होतो. झाड हिरवंच राहायला हवं असेल तर मिठाईत घालतात तो खायचा हिरवा रंग थोडासा घाला.

इथं जरा थांबून ऐका, कारण हे महत्त्वाचं आहे. तीन वर्षांच्या मुलाचा हात तोंडात जाणारच. म्हणून देवाचा शेंदूर रंग म्हणून वापरू नका. खरा शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी. कुंकवाच्या काही पुड्यांतही शिसं सापडलेलं आहे. शिसं पोटात गेलं की मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात जास्त मुरतं आणि त्यांच्या मेंदूला अपाय करतं. दाराला लावून उरलेला ऑइलपेंटही नको. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे, पण ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. माळ्यावर पडलेला डबा त्याआधीचा असू शकतो. आणि खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद टाकतात, ते विष आहे. मुलांच्या खळीत ते कधीही नको. चमकीही आम्ही सोडून दिली, ती डोळ्यांत जाते.

ठसे करायचे ते भेंडीचे. भाजीला कोवळी भेंडी लागते, आपल्याला मात्र जून हवी, परड्यात राहून गेलेली, टणक. देठापासून बोटभर सोडून आडवी कापा. देठाचा भाग म्हणजे मुलाला धरायला मूठ. कापल्यावर अर्धा तास उघडी ठेवा म्हणजे बुळबुळीतपणा कमी होतो. पाच धारांची भेंडी निवडली की पाच टोकांची सुंदर चांदणी उमटते. रंगात थेट बुडवली तर नुसता गोळा उठतो. म्हणून ताटलीत जुन्या सुती कापडाची घडी घालून ती पिठाच्या रंगात भिजवायची, त्यावर भेंडी टेकवायची, मग कागदावर. चांदण्यांचं आभाळ झालं. झाडासाठी मुलाचा तळवा हिरव्या खळीत टेकवून बोटं खाली करून कागदावर ठेवायचा. मोठी मुलं असे तीन-चार ठसे एकावर एक घेऊन उंच झाड करतात. तीन वर्षांच्याला एक पुरे. एका वेळी पाच-सहा मुलंच बसवा, बापाचे जुने सदरे उलटे घाला, आणि पाण्याची बादली आधी भरून ठेवा. हा शेवटचा सल्ला आम्ही हिरव्या झालेल्या भिंतीकडून घेतला आहे.

त्या दिवशी एक साडेतीन वर्षांचा मुलगा हात उघडेचना. थंडगार खळ बघून त्यानं मूठ अशी आवळली की काही केल्या सुटेना. आमच्यातली एक त्याची बोटं सोडवायला गेली, तसा तो रडायला लागला. दुसरीनं तिला मागं ओढलं, "राहू दे ग." तो बसून राहिला, मुलं ठसे मारताना बघत. बऱ्याच वेळानं त्यानं स्वतःहून आवळलेली मूठच पांढऱ्या रंगाच्या घडीवर टेकवली, करंगळीच्या बाजूनं, आणि कागदावर दाबली. उचलली तर खाली काय, एक इवलंसं पाऊल!

संगमेश्वरवाली बघतच राहिली. "ही तर गोकुळाष्टमीची पावलं," म्हणाली. तिच्या माहेरी तांदळाच्या पिठात मूठ बुडवून उंबऱ्यापासून देवघरापर्यंत बाळकृष्ण चालवत आणतात. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी ती उमटवली असतील. आम्हीही उमटवली होती, पण नाताळच्या चित्रात ती येतील हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं त्या पावलाच्या वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके कसे द्यायचे ते स्वतःच्या कागदावर दाखवलं. मुलानं आधी तीनच दिले. मग आणखी चार. सात बोटांचं पाऊल झालं आणि तसंच राहिलं. पुरे करण्यासाठी त्यानं दुसरं पाऊलही उमटवलं, उलट्या दिशेचं. खारोडीच्या मावशी बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाळ येतोय पण आणि जातोय पण." आता दर वर्षी आमच्या चित्रात आभाळात भेंडीच्या चांदण्या, मध्ये तळव्याचं झाड आणि गोठ्याकडे जाणारी मुठीची पावलं असतात. गोठा काढायचा असेल तर काडेपेटीच्या काड्या, गूल काढून, आडव्या-उभ्या चिकटवा. नाही काढला तरी चालतं.

चित्रं सावलीत वाळवा, उन्हात खळ तडकते. रंगलेले हात लगेच धुवा, वाळल्यावर खळ नखांत धरून बसते. हळदीचे डाग मात्र दोन दिवस राहतात, ते आयांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर शाळेच्या सदऱ्यावरून बोलणी खावी लागतात.

त्या वर्षी आम्ही मागच्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहिली आणि चित्रं दोरीवर टांगली. वाकडी, डागाळलेली, एकाचा एकाशी मेळ नाही. संध्याकाळी तीच आई आली, कामावरून, पदराला हात पुसत. मुलगी आता पाच वर्षांची झाली होती. तिनं आभाळ सगळं मोकळं ठेवलं होतं आणि भेंडीच्या चांदण्या एकावर एक, कागदाच्या तळाशी ढीग करून मारल्या होत्या. आई दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, मध्येच थांबली आणि मागची बाजू न बघताच चिमटा काढला. "हे आमचं," म्हणाली.