रानमेवा : अन्न की औषध?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आरंभीच कबूल केले पाहिजे की मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. मी बी.ए., बी.एड.; मराठी आणि इतिहास हे माझे विषय. तरीही आज आपल्या कोकणातल्या रानफळांवर बोलण्यास मी उभा आहे. त्याला दोन प्रसंग कारण आहेत.

पहिला प्रसंग शाळेतला. जून महिन्यात पाचवीतल्या एका मुलीने डब्यात जांभळे आणली होती. मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीने नाक मुरडून विचारले, "तुमच्या घरी सफरचंद आणत नाहीत का गं?" त्या पोरीने डबा झाकला आणि सुट्टी संपेपर्यंत उघडला नाही.

दुसरा प्रसंग माझ्या घरातला. माझ्या चाचांना मधुमेह आहे. जांभळाच्या बियांच्या चूर्णाने साखर कायमची बरी होते, असा मजकूर माझ्या मोबाईलवर आला. तो चाचांना मोठ्याने वाचून दाखविणारा मीच. शिकलेल्या पुतण्याने सांगितले म्हणून त्यांनी विश्वास ठेवला आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि इस्पितळात त्यांचे एक बोट काढावे लागले. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

एकीने जांभूळ हलके मानले, तर मी त्याला धन्वंतरी केले. दोन्ही चुकाच. मग खरे काय, हे समजून घेण्यासाठी मी विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, पुस्तके चाळली. त्यातून जे उमगले ते सोप्या शब्दांत सांगतो.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन हा बदल घडतो. त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. लिंबू पिळले तर काळेपणा उशिरा येतो. आपल्या शरीरातही अन्नापासून शक्ती तयार होताना काही चंचल कण निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलक असे नाव आहे. त्यांच्याजवळ एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहिलेला असतो, आणि ती जोडी पुरी करण्यासाठी ते शेजारच्या रेणूंकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. तंबाखूच्या धुराने असे कण वाढतात. जे पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. काही अँटिऑक्सिडंट शरीर स्वतः बनविते, तर 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वांसारखे काही अन्नातून मिळतात. मात्र मुक्त मूलक सर्वस्वी शत्रू नव्हेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतू मारण्यासाठी त्यांचाच उपयोग करतात. समतोल राहणे महत्त्वाचे.

आता आपली फळे पाहा. पिकलेले करवंद, जांभूळ आणि रातांबा यांचा काळा-जांभळा-लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो, आणि ही द्रव्ये अँटिऑक्सिडंट आहेत. रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचे आणखी एक द्रव्य असते. आवळ्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट आहे. विद्यार्थी मित्रांनो, घरी एक प्रयोग करा. कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला आणि लाल रंग कसा बदलतो ते पाहा. ही त्याच रंगद्रव्यांची करामत होय.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग याच द्रव्यांच्या गोळ्या का घेऊ नयेत? या प्रश्नाचे उत्तर फिनलंड देशात मिळाले. तेथे २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यांच्यापैकी काहींना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या गेल्या. कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला! अमेरिकेच्या कृषी खात्याने कोणत्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट शक्ती आहे याची मोठी यादी ठेवली होती. तीही २०१२ मध्ये मागे घेतली, कारण परीक्षानळीतला आकडा शरीरातल्या परिणामाचा पुरावा नसतो आणि त्या आकड्यांचा जाहिरातींसाठी गैरवापर होत होता. अँथोसायनिनचा तर थोडाच भाग आतड्यातून रक्तात पोहोचतो.

म्हणून रानफळे निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. फळात एकच द्रव्य नसते. चोथा, जीवनसत्त्वे, क्षार, आम्ले अशी सारी शिदोरी असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगते. तो वाटा भरून काढण्यास महागडे फळच लागते, असे कोठेही लिहिलेले नाही. परसातले जांभूळ आणि कुंपणावरचे करवंद त्यात तितक्याच मानाने बसते.

पालकांना माझ्या काही नम्र सूचना आहेत. रमजानमध्ये इफ्तारला रंगीत बाटलीतल्या सरबताऐवजी घरच्या कोकमाचे सरबत ठेवा, मात्र साखर बेताने घाला. आगळात मीठ पुष्कळ असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी जपून घ्यावे. मधुमेह्यांनी फळ किती खावे हे डॉक्टरांना विचारावे, आणि कोणाच्याही सांगण्यावरून, मग तो मास्तर का असेना, औषध बंद करू नये. आवळा फार शिजवू नये. उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नष्ट होते. मुलांनी अनोळखी फळ कधीही तोंडात घालू नये. आधी जाणत्या माणसाला दाखवावे.

आणखी एक गोष्ट. हल्ली तारेचे कुंपण घालताना करवंदीच्या जाळ्या मुळासकट काढल्या जातात. डोंगराला वणवा लागला की तोरणाची झुडपे जळतात. जाळी गेली की फळ जाते, आणि मग फळाचे नावही जाते. वर्गात मी तोरण विचारले तेव्हा मुलांना दारावरचे तोरण आठवले, रानातले पांढरे फळ आठवले नाही. विद्यार्थ्यांनो, सुट्टीत एक वही घाला. आपल्या दादीला, नानीला विचारून फळाचे नाव, ते कोणत्या महिन्यात पिकते, कोठे सापडते आणि कसे खातात हे लिहून काढा. इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगतो, हाही इतिहासच आहे.

चाचा आता नियमित गोळी घेतात. जूनमध्ये त्यांनी चार जांभळे खाल्ली, बी थुंकली आणि मला म्हणाले, "बेटा, जांभळाची काय चूक? आपण त्याला नको ते काम सांगितलं."

त्या मुलीनेही पुन्हा डबा आणला आहे. यंदा त्यातली दोन जांभळे मी मागून घेतली आणि सर्व वर्गासमोर खाल्ली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन डब्यांत जांभळे दिसली.