कुदळीवर टेकलेला माणूस



‘शाळेनं मला काय दिलं’ यावर मला बोलायला सांगितलंय. मी फक्त एका चित्राबद्दल बोलतो.

आपण आठवीत होतो, १९७२च्या दुष्काळात. चित्रकलेच्या सरांनी एका जुन्या पुस्तकातलं चित्र वर्गात फिरवलं होतं, आठवतंय? उजाड रान, एकटाच माणूस, दोन्ही हात कुदळीच्या दांड्यावर टेकून वाकलेला, तोंड अर्धवट उघडं. मागून कुणीतरी म्हणालं, “याची चावी संपली वाटतं!” सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो. माझे वडील तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि तुम्हाला मी सांगितलं होतं, ते पुण्याला नोकरीला आहेत.

सर रागावले नाहीत. “पॅरिसमध्येही लोक हसले होते,” एवढंच म्हणाले.

ज्याँ-फ्रान्स्वा मिलेचं हे तैलचित्र १८६३च्या सालोन प्रदर्शनात लागलं, तेव्हा टीकाकारांना तो माणूस गुन्हेगारासारखा वाटला. व्यंगचित्रं निघाली. मिले समाजवादी असल्याची ओरड झाली. तो तर नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, तरुणपणी स्वतः शेतात राबलेला! त्यानं एका पत्रात लिहिलंय, की रानफुलं आणि सूर्य मलाही दिसतात. पण सकाळपासून ज्याचं ‘हं’ ऐकू येतं, क्षणभर पाठ सरळ करून जो दम घेऊ पाहतो, तो माणूसही दिसतो.

ते ‘हं’ मी ऐकलं होतं. डबा द्यायला जायचो तेव्हा वडील दिसायच्या आधी तेच कानावर यायचं.

मुलीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात मूळ चित्र पाहिलं. जेमतेम एक मीटर रुंद. पुस्तकात नुसताच काळपट दिसणारा भाग तिथं उलगडला: धोंडे, काटेरी झुडपं, पायात लाकडी बूट. आणि मागे जमिनीवर काढून ठेवलेला कोट नि टोपी. वडीलही सदरा असाच काढून ठेवायचे. एकच धड होता.

दुष्काळ सरल्यावर ते पालकसभेला आले. तुमच्यापैकीच एकानं विचारलं, “काका, पुण्याहून कधी आलात?” मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“कालच,” ते म्हणाले.