भूलशास्त्राकडे नेणारी परिचर्येची वाट
(परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिष्यवृत्तीच्या अर्जांमध्ये एक इच्छा आम्हांस हल्ली वारंवार वाचावयास मिळते : "मला भूल देणारी परिचारिका व्हायचे आहे." ही इच्छा स्तुत्य आहे. परंतु वाट नीट ठाऊक नसल्यास दलालांच्या आश्वासनांवर कर्ज काढले जाते आणि घर अडचणीत येते. म्हणून आज ही वाट हिशेबाने मांडतो.

परिचारिकेने भूल देण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियागृहात भूल देणाऱ्या ॲलिस मॅगॉ यांनी 1906 साली आपल्या चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. भुलीमुळे त्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. आपल्या देशात मात्र भूल देण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञ डॉक्टरांची आहे. परिचारिका येथे स्वतंत्रपणे भूल देत नाही. हे सत्य प्रथमच समजून घेतलेले बरे.

आता वर्षांचा हिशेब. बी.एस्सी. नर्सिंगची 4 वर्षे. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवे, म्हणजे खरा निर्णय अकरावीच्या प्रवेशावेळीच होतो. जी.एन.एम. केलेल्या मुलींनी निराश होऊ नये. त्यांना पोस्ट बेसिक पदवीची 2 वर्षांची वाट खुली आहे. नंतर अतिदक्षता विभागात निदान 2 वर्षे काम करावे. कृत्रिम श्वसनयंत्र, रक्तदाब सावरणारी औषधे, क्षणाक्षणाला बदलणारा रुग्ण यांचा सराव पुस्तकातून होत नाही. पुढे एनसीएलईएक्स ही परवाना परीक्षा आणि व्हिसा. तेथील अभ्यासक्रमासाठी अतिदक्षतेचा किमान 1 वर्षाचा अनुभव अमेरिकेतीलच लागतो, हे दलाल सांगत नाहीत. त्यानंतर 3 वर्षांचा अभ्यासक्रम. 2022 पासून तेथे नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी तो डॉक्टरेट दर्जाचाच असतो. शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा. बेरीज 10 वर्षांची होते, आणि व्हिसाची प्रतीक्षा तीत धरलेली नाही.

ज्यांना येथेच राहावयाचे आहे, त्यांच्यासाठीही दारे आहेत. पदवीधर व अनुभवी परिचारिकेस भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षता नर्स प्रॅक्टिशनर हा 2 वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेता येतो. ज्या मुलीचे मन शस्त्रक्रियागृहातील यंत्रांतच रमते, तिने बारावीनंतर भूल व शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञानाच्या पदवीचा विचार करावा. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या तंत्रज्ञांनाही व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे.

काही देणगीदार आम्हांस विचारतात, "शिकून मुलगी परदेशी जाणार असेल, तर आमच्या पैशाचे काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, उत्तरही जमाखर्चाच्या भाषेत देतो. अतिदक्षता विभागातील तिची ती 2 वर्षे म्हणजे रात्रपाळीत आपल्या रुग्णांना लाभलेली तरबेज नजर. गेलेल्यांपैकी ज्या परततात, त्या नव्या मुलींना शिकवतात. आणि जी परतत नाही, तिच्याही घरी एक पिढी कर्जमुक्त होते. मूळ प्रमाणपत्रे अडकवून मुलीस थांबविणे आम्हांस मान्य नाही. चांगली पाळी, वेळेवर वेतन आणि सन्मान यांनीच माणूस टिकते.

विद्यार्थिनींनो, कोणतेही शुल्क भरण्यापूर्वी संस्थेस परिषदेची मान्यता आहे काय, पदवी विद्यापीठाची आहे काय, हे पाहा. कागद समजला नाही, तर अधिसेविकांकडे या, आमच्या कार्यालयात या. पालकांनी मुलीच्या लग्नाचे वय आणि शिक्षणाची वर्षे यांची वजाबाकी करू नये, ही नम्र विनंती.

दात्यांना आमचे एवढेच निवेदन : आपली देणगी पहिल्या वर्षाच्या शुल्कापुरती न राहता चारही वर्षे पुरेल, असा संकल्प करावा. अर्ध्यावर थांबलेले शिक्षण मुलीच्याही उपयोगी पडत नाही आणि रुग्णाच्याही नाही.