ओम्नीतून स्पोर्ट्स कार, पण नंबरप्लेटचं काय?

दिवसभर कोड लिहिणारा माणूस शनिवार-रविवारी वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर का घेतो, असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्यापेक्षा दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो: "पासिंग होणार का?" आज त्यावर बोलू. पण आधी थोडा इतिहास.

1957 साली कॉलिन चॅपमन यांनी लोटस सेव्हन आणली. दोन सीटा, छप्पर नावापुरतं. ती सुट्या भागांतही मिळायची आणि लोक घरी जोडायचे, कारण ब्रिटनमध्ये तयार गाडीवरचा खरेदीकर त्यामुळे वाचायचा. पुढे 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं. अगदी अडीचशे पौंडांतसुद्धा स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा, अशा अर्थाचं त्याचं नाव. अडीचशे पौंडांत कसं जमणार? तर जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची. तिकडे पाऊस आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ यांनी बॉडी गंजते आणि गाडी तपासणीत नापास होते. पण इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल धडधाकट असतो. बॉडी फेकायची, एक इंची चौकोनी पाइपची चॅसी वेल्ड करायची आणि बाकी सगळं तिच्यावर चढवायचं. अशा गाड्यांना लोकॉस्ट म्हणतात.

आता आपल्याकडे डोनर कोण? इंजिन उभं बसवलेलं हवं, मागची चाकं ओढणारी हवीत आणि गाडी स्वस्त हवी. मारुती 800 बाद, तिचं इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना. पण ओम्नी? हसू नका. इंजिन सीटखाली पण उभं, मागे गिअरबॉक्स, मग प्रॉपेलर शाफ्ट, मागे सरळ सॉलिड ॲक्सल. म्हणजे शाळेची व्हॅन आतून जवळजवळ एस्कॉर्टच. 796 सीसी, साधारण 35 हॉर्सपॉवर. कमी वाटते ना? पहिल्या सेव्हनचं फोर्ड इंजिन साधारण 40 चं होतं. मजा वजनात आहे, ताकदीत नाही.

आमच्या घरची ओम्नी होती, बाबांच्या स्टेशनरीच्या धंद्याची. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून वापरली, मग पत्रा इतका सडला की सरकत्या दाराचा रूळच सुटला. भंगारवाला बावीस हजार देत होता. मी म्हटलं, मला द्या.

घरचीच गाडी घेण्यामागे भावनेपेक्षा व्यवहार जास्त होता. डोनर अख्खी घ्यावी. जुन्या बाजारात इंजिन मिळतं, पण त्याच्यासोबत वायरिंगचा अख्खा गुंता, क्लच केबल, माउंटिंगचे कंस आणि योग्य मापाचे चाळीस-पन्नास बोल्ट मिळत नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डिपेंडन्सी म्हणतो ना, तेच. एकेक शोधत बसलात की वर्ष गेलं.

तरी सगळं जसंच्या तसं बसत नाही. ओम्नीत ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसतो, म्हणून गिअरची काठी लांब रॉडनी गिअरबॉक्सला जोडलेली. आमच्यात ड्रायव्हर इंजिनाच्या मागे, मग ती सगळी जोडणी नव्याने केली. स्टिअरिंगचा दांडा तिथे जवळपास उभा, इथे जवळपास आडवा. पुढचे स्ट्रट तर इतके उंच की बॉनेटच्या वर डोकावतील. पुस्तकातही हीच अडचण आहे, तिथे पुढच्या चाकांसाठी एस्कॉर्ट सोडून कॉर्टिनाचे भाग घेतलेत. आम्ही डबल विशबोन बनवले आणि वरच्या बॉल जॉइंटचे कंस लेथवर करून घेतले. वेल्डरकाकांनी माझ्या कॅड ड्रॉइंगकडे बघून विचारलं, "पाना कुठून घालणार?" दोन कंसांची जागा तिथेच बदलली.

आता पासिंग. नाही होणार. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर यायची परवानगी देणारी सोय आहे. आपल्याकडे मंजुरी उत्पादकाच्या मॉडेलला मिळते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करू नका. गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे, पण माझ्यासारख्याने एक गाडी घेऊन तिथे जावं असा तो मामला नाही. सांगलीच्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातून जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवतील म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. कौतुक होतं, नंबर मिळत नाही.

बाबांना हे आधी माहीत नव्हतं. ओम्नी कापायच्या आदल्या आठवड्यात म्हणाले, "नव्या गाडीला आपला नंबर राहील ना?" इंजिन तेच, ॲक्सल तोच, त्यांना ते साहजिक वाटलं होतं. मी सांगितलं, नाही. कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि आरसी परत करायची. लोखंड एका गाडीतून दुसरीत जातं, कागद जात नाही. आणि जुना नंबर लावून फिरवणं ही सरळ फसवणूक आहे. कुणी "चालतं हो" म्हणालं तरी करू नका.

ते गप्प झाले. चार दिवस गॅस कटर तसाच पडून होता. मीही विचारलं नाही, कारण "राहू दे" म्हणाले असते तर मी थांबलो असतो. पाचव्या दिवशी ते स्वतः फाइल घेऊन आरटीओत गेले. सोबत येऊ का म्हटलं, तर म्हणाले, "गाडी माझ्या नावावर आहे."

आता स्थिती अशी: चॅसी उभी आहे, इंजिन सुरू झालंय, आतापर्यंत एक लाख साठ हजार गेलेत. चालवायची ती फक्त मामाच्या सासवडच्या बंदिस्त जागेत, आणि तिथे न्यायची टेम्पोत घालून. हो, स्पोर्ट्स कार टेम्पोत. त्याआधी ब्रेक बाकी आहेत. ओम्नीच्या ब्रेकचं पुढचं-मागचं वाटप तिच्या वजनासाठी बेतलेलं, आमची गाडी हलकी आणि बसकी, त्यामुळे तेच वाटप इथे जुळेलच असं नाही. बाबांनी बजावलंय, ब्रेक झाल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही, आणि पहिली फेरी ते मारणार. ब्रेकवर पुढच्या भागात बोलू.