रुग्णाने आठ सांगितले, तर आठच लिहा



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं मिरजेत मनापासून स्वागत करते. तंतुवाद्यांसाठी हे गाव देशभर ओळखलं जातं. रुग्णांना मात्र ते दवाखान्यांचं गाव म्हणून ठाऊक आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली इथे रुग्णालय उभारलं. आजही सांगली-कोल्हापुरातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसं आपलं दुखणं घेऊन मिरजेला येतात. वेदनाशमनावरची विद्यार्थी परिषद इथे भरते आहे, याचं म्हणूनच विशेष समाधान वाटतं. राहण्या-जेवणात काही उणं वाटलं, तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा.

आता मुद्द्याचं बोलते. बेटी फेरेल आणि मार्गो मॅकॅफरी या दोन अमेरिकन परिचारिकांनी 1987 साली एक प्रश्नावली तयार केली. वेदनेबद्दल परिचारिकांना काय ठाऊक आहे आणि त्यांना काय वाटतं, हे ती तपासते. आज ती अनेक देशांत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना दिली जाते. तिच्यात शेवटी दोन रुग्ण येतात. दोघंही पंचवीस वर्षांचे, दोघांच्याही पोटाच्या ऑपरेशनला एकच दिवस झालेला. बीपी 120/80, नाडी 80, श्वास 18. दुखणं किती, असं विचारल्यावर दोघंही दहापैकी आठ सांगतात. फरक इतकाच, की एक जण भेटायला आलेल्या माणसाशी हसतखिदळत बोलतोय आणि दुसरा गप्प पडून आहे, कूस बदलताना चेहरा वेडावाकडा करतोय. चार्टवर काय लिहाल?

उत्तर दोघांचंही आठ. तरीही कितीतरी विद्यार्थी गप्प पडलेल्याला आठ देतात आणि हसणाऱ्याचा आकडा परस्पर कमी करतात. पुढचा प्रश्न औषधाचा आहे. दोन तासांपूर्वी 2 मिलिग्रॅम मॉर्फिन देऊनही दुखणं सहा ते आठच्या खाली आलेलं नाही, श्वास ठीक आहे, गुंगी नाही, आणि ऑर्डर 1 ते 3 मिलिग्रॅमची आहे. अशा वेळी 3 द्यायला हवेत. हसणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हात इथेही आखडतो.

हे विद्यार्थी निर्दय नसतात. पुस्तकात एक शिकतात आणि पोस्टिंगला वॉर्डात दुसरंच पाहतात. लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या बाईला ‘ओरडू नको’ म्हणून दटावलेलं ऐकतात. ‘एसओएस’, म्हणजे गरज पडेल तेव्हा, असं लिहिलेलं इंजेक्शन रुग्णाने तीनदा मागितल्याशिवाय दिलं जात नाही, हे पाहतात. रात्री नातेवाईक काउंटरपाशी येऊन दबकत सांगतात, ‘सिस्टर, फार दुखतंय हो त्यांना’, आणि उत्तर मिळतं, ‘आत्ताच तर दिलंय.’ किती वाजता दिलं आणि त्याने उतार पडला का, हे मात्र कोणी पाहत नाही. विद्यार्थिनी पहिल्या वर्षी हे पाहून हळहळते, शेवटच्या वर्षी तीच असं बोलू लागते. माझ्या मते आपल्या शिक्षणातली सर्वांत मोठी गळती ती हीच.

दुसरी अडचण मॉर्फिनच्या धास्तीची. आपल्याच देशात, नीमच, मंदसौर, चित्तोडगडकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते आणि तिच्यापासून मॉर्फिन बनतं. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं, की कित्येक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सुकर झाली, मनातली भीती मात्र तशीच राहिली. अमेरिकेत अशा औषधांच्या सैल वापराने काय अनर्थ झाला, तेही विद्यार्थ्यांना जरूर शिकवा. पण त्याबरोबर श्वास आणि गुंगी कशी तपासायची, नॅलॉक्सोन कधी लागतं, बद्धकोष्ठता होणारच हे धरून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून कसं द्यायचं, हेही शिकवा. कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाला ‘सवय लागेल’ म्हणून औषध नाकारणं हे अज्ञान आहे. त्याला सावधगिरी म्हणू नका.

असाध्य रुग्णांच्या आधुनिक वेदनाशमनाचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स मुळात परिचारिका होत्या, डॉक्टर पुढे झाल्या. दुखणं उसळण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे ठरावीक वेळी औषध द्यायचं, ही पद्धत त्यांनी लंडनच्या एका हॉस्पिसमध्ये परिचर्या करताना पाहिली, नोंदी ठेवून पारखली आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आपल्याकडे वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 पासून हे काम करतं आहे. रुग्णाजवळ चोवीस तास आपण असतो, डॉक्टर राउंडपुरते असतात. वेदनेची खरी नोंद आपल्याच हातून व्हायची आहे.

ट्यूटर मंडळींना माझी एकच विनंती आहे. आपल्या टीपीआर चार्टवर ताप, नाडी आणि श्वास यांना रकाने असतात, वेदनेला बहुतेक ठिकाणी नसतो. तो आखून घ्या. बोलू न शकणाऱ्या बाळासाठी चेहरा, पाय, रडणं पाहून गुण देण्याची पद्धत आहे, तीही बेडजवळ उभं राहून शिकवा. आणि विद्यार्थ्यांनो, इथून परतल्यावर पहिल्याच ड्युटीला रुग्णाला दुखणं किती ते विचारा, त्याने सांगितलेला आकडा तसाच लिहा, शिरेतून औषध दिलं असेल तर अर्ध्या तासाने आणि गोळी दिली असेल तर तासाने पुन्हा विचारा. आकडा उतरला नसेल, तर डॉक्टरांना फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी करा.